अठ्ठावन्न नंबरची विचारवेळ

२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आठला ऑफिस. एकला परत. दीडला भिंगरी शाळेतून आली. जेवलो. दुपारी गॅलरीत बसून काम. सहाला लेक येऊन तिला घेऊन गेली. नऊला आडवा झालो.

ही गेली त्याला आज तीन महिने. त्याचा आणि रोजनिशीचा संबंध नाही. कामाच्या नोंदी राहाव्यात म्हणून लिहितो आहे. आमच्या ऑफिसात कुणी काही लिहून ठेवत नाही. सगळं तोंडी आणि सगळं हसतहसत.

काम असं. आमची कंपनी मुलांसाठी गणिताचे गेम बनवते. मूल टॅबवर खेळतं, त्याची प्रत्येक टिचकी आमच्याकडे नोंदली जाते आणि मूल खरंच शिकलं की नुसतं खेळलं, हे मी ठरवतो. पद : प्रगती तपासनीस. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस इथे मी एकटाच. बाकीच्यांना सतराचा पाढा विचारला तर मोबाईल काढतात.

मागच्या महिन्यातलं बेडूक प्रकरण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझ्या नावावर खपवायला नको. गेममधली चित्रं शेपूटवाला काढतो. केसांची शेपूट बांधतो, वय चौतीस, अक्कल त्याच्या निम्मी. उत्तर बरोबर आलं की बेडूक पुढच्या पानावर उडी मारतो, चुकलं की पाण्यात पडतो आणि डोक्यावर शेवाळ घेऊन वर येतो. मी रिपोर्ट दिला, तिसरीच्या साठ टक्के मुलांना वजाबाकी येत नाही. चारही शाळांत धावाधाव. मग नोंदी सांभाळणाऱ्या आकडेवालीने शोधून काढलं की मुलं मुद्दाम चुकत होती. बेडूक पडताना बघायला. दोष बेडकाचा, बोलणी मला.

निश्चय : नुसतं बरोबर-चूक मोजणं बंद. काहीतरी मूलभूत शोधायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार

शोधलं.

विचारवेळ. प्रश्न दिसल्यापासून उत्तरावर बोट पडेपर्यंतचा वेळ. जे मूल झटकन बोट लावतं ते अंदाजपंचे खेळतं. जे थांबतं ते विचार करतं. इतकं सोपं. सगळ्या नोंदी पडून होत्या, कुणी बघितल्याच नाहीत. हे लोक अजूनही गेममध्ये मिळालेल्या चांदण्या मोजतात.

मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य. दर वाक्याला मान हलवतात, त्यामुळे पटलं की मान अवघडली ते कळत नाही. म्हणाल्या, वीस तारखेच्या मीटिंगमध्ये मांडा.

५ सप्टेंबर, गुरुवार

चार शाळांच्या तिसरीच्या सगळ्या मुलांची विचारवेळ काढली. मुलांची नावं आमच्याकडे येत नाहीत, फक्त नंबर येतात. ते बरंच आहे. नावं आली की लाड आले.

सरासरी अकरा सेकंद. अकरा सेकंदांत माणसाला शिंकसुद्धा नीट येत नाही.

आणि मग अठ्ठावन्न नंबर. प्रश्न साधा : पाऊण मोठा की पाच अष्टमांश. या मुलाने त्या प्रश्नासमोर सेहेचाळीस मिनिटं काढली. सेहेचाळीस. आणि मग उत्तर दिलं, बरोबर.

सव्वीस वर्षांत असा विद्यार्थी मला मिळाला नाही. मिळाला तो आता, नंबराच्या रूपाने.

घरी भिंगरी. लेकीची मुलगी, वय आठ. ही होती तेव्हा शाळा सुटल्यावर हिच्याकडे यायची, आता माझ्याकडे येते. लेक कामावरून सुटेपर्यंत मी सांभाळतो. भिंगरी हे नाव मीच ठेवलं, कारण एका जागी ठरत नाही. आमचाच गेम तिच्या शाळेत आहे, रोज घरी अर्धा तास खेळायचा असतो. बाई पाच मिनिटं खेळतात की चालल्या उठून. मी गॅलरीत विचार करत बसलेलो असतो, तिथे येऊन उभ्या. आजोबा, पाणी आणू का. आजोबा, झोपलात का. आजोबा, ती बघा गाडी. गाडी काय मी बघितलेली नाही?

६ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी लेक उंबऱ्यातच थांबली. शाळेतून बोलावणं आलं होतं. भिंगरी मागे पडली आहे. गेम अर्धवट सोडते, पाठ पूर्ण करत नाही, जुलैपासून असंच चाललं आहे. जुलैपासून म्हणजे माझ्याकडे यायला लागल्यापासून, हे लेक बोलली नाही, पण चपलेचा पट्टा दोनदा सोडून लावला.

मग म्हणाली, शाळेजवळ एक पाळणाघर आहे, मोठी मुलंही ठेवतात, अभ्यास करून घेतात. तिथे घालावं म्हणते.

मी म्हणालो, गणित शिकवण्यात माझी हयात गेली आणि माझी नात पाळणाघरात अभ्यास करणार?

तिने वीस तारखेपर्यंत मुदत दिली. तोवर भिंगरीची गाडी रुळावर आली तर ठीक, नाहीतर पाळणाघर.

मला स्वतःला काही फरक पडत नाही. उलट दुपारी शांतता मिळेल. दीड ते सहा अख्खं घर मोकळं. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

निश्चय : सोमवारपासून रोज दोन ते तीन तिच्याशेजारी बसणार. एक मिनिट इकडेतिकडे नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

अठ्ठावन्न : अडतीस मिनिटं. शाबास.

भिंगरीशेजारी आज बसता आलं नाही. लॅपटॉपने घोळ घातला. मी गॅलरीत जरा बसलो की हा आपोआप काळा पडतो. भिंगरीच येऊन बटण दाबून जागा करते. ऑफिसात तक्रार दिली. तिथल्या मुलाने विचारलं, सर, हात लावला नाही की किती वेळाने काळा पडतो? मी म्हणालो, लगेच. दहा-पंधरा मिनिटांत. तो म्हणाला, ते बरोबरच आहे. यांना सगळं बरोबरच वाटतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज दोनला बसलो. भिंगरीला अठ्ठावन्न नंबरची गोष्ट सांगितली, म्हणजे काही घेण्यासारखं घेईल. म्हटलं, एक मूल आहे, तुझ्याच वयाचं. एका प्रश्नाचा सेहेचाळीस मिनिटं विचार करतं. तुला सेहेचाळीस सेकंद तरी दम निघतो का?

भिंगरी म्हणाली, ते जेवायला गेलं असेल.

या वयात ही वृत्ती. दुसऱ्याचं चांगलं म्हणून बघवत नाही. हे बापाकडून आलं आहे. आमचे जावई क्रिकेट बघतानासुद्धा दोन्ही बाजूंना नावं ठेवतात.

सव्वादोनला गॅलरीत आलो. उन्हं तिरपी येतात तेव्हा हिच्या खुर्चीत बसलेलं बरं पडतं, दुसरी कमरेला लागते. साडेतीन कधी झाले कळलं नाही. भिंगरी शेजारी जमिनीवर बसून फरशीचे चौकोन मोजत होती. टॅब आत पडलेला. चांगली झापली. उलट उत्तर नाही, खुलासा नाही, काही नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

अठ्ठावन्न, काल : एकाहत्तर मिनिटं.

मी सकाळी हे मोठ्याने वाचलं. शेपूटवाला म्हणाला, पोरगं टॅब ठेवून खेळायला गेलं असणार. भिंगरीच्या तोंडी जवळपास हेच होतं. आठ वर्षांच्या पोरीची आणि या माणसाची बुद्धी एका मापाची निघाली. मी त्याला सांगितलं, तुम्हाला विचार करणारं माणूस बघायची सवय नाही म्हणून तसं वाटतं.

आकडेवाली म्हणाली, सर, टॅब हातात होता की ठेवलेला, ते वेगळं नोंदलं जातं. मी काढून देऊ का? मी म्हणालो, अवश्य काढा. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोरच दाखवा. दूध का दूध होऊन जाऊ दे.

भिंगरीशेजारी बसलो नाही. गुरुवारपासून नक्की.

१२ सप्टेंबर, गुरुवार

अठ्ठावन्नचा सखोल अभ्यास केला. रिपोर्टची पंधरा पानं झाली.

हे मूल दुपारीच विचार करतं, दोन ते चारच्या दरम्यान. यावरून घरचं वातावरण कळतं. टीव्ही नाही, आरडाओरडा नाही. घरात नक्की कुणीतरी शांत, शिस्तीचं, शिकलेलं वडीलधारं माणूस असणार. पान नऊवर तसं लिहिलं आहे : 'पालकांनी या घराचा आदर्श ठेवावा.'

एक दोष मात्र आहे. शनिवार-रविवारी हेच मूल भराभर खेळतं. आठ-दहा सेकंदांत उत्तर, दोन-दोन पाठ एका बैठकीत. सगळं बरोबर येतं, पण तो मुद्दा नाही. सुट्टीच्या दिवशी बहुधा आईबाप घरी असतात आणि मुलाला बिघडवतात.

आज डोकं जड होतं. बसलो नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लेक कधीची म्हणते आहे, बाबा, आईचं कपाट आता मोकळं करा. आज दुपारी हातात घेतलं. वरचा कप्पा झाला. म्हणजे काढला, आणि परत ठेवला.

भिंगरी पलंगावर येऊन बसली. तीनदा खेळायला पाठवली, तीनदा आली. साड्यांच्या घड्या घालायला लागली. सगळ्या वाकड्या. तशाच परत ठेवल्या.

काम बरंच बाकी राहिलं.

१६ सप्टेंबर, सोमवार

अठ्ठावन्न, शुक्रवार : एक तास चव्वेचाळीस मिनिटं. एकाच प्रश्नावर.

मला भरून आलं. खोटं कशाला लिहू. ऑफिसात पाणी प्यायला जाऊन उभा राहिलो. शेपूटवाला तिथेच होता, म्हणाला, काका, बरे आहात ना? मी म्हणालो, एका विद्यार्थ्याने कष्ट घेतले की शिक्षकाला काय वाटतं ते तुम्हाला कळायचं नाही. त्याने माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरला आणि गेला. आगाऊ.

१८ सप्टेंबर, बुधवार

लेकीचा फोन. माझ्याकडे दुपारी भिंगरीचे किती पाठ झाले ते विचारत होती. मी म्हणालो, पाठ मोजणं ही जुनी पद्धत झाली. ती म्हणाली, बाबा, किती?

एकही नाही.

पण परवाच्या मीटिंगनंतर मोजायची पद्धतच बदलणार आहे. विचारवेळ चारही शाळांना लागू झाली की कोण पुढे आणि कोण मागे याचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. शाळाच लेकीला सांगेल की घाई नको. मग पाळणाघराचा विषयच संपतो.

आणि भिंगरीचीही विचारवेळ काढून घेऊ. कमीच असणार, पण वाढवता येईल. मी आहे ना.

२० सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी सव्वाएक.

मीटिंग झाली.

जसं झालं तसं लिहितो.

मी चाळीस मिनिटं बोललो. मॅडमची मान हलत होती. पान नऊ वाचून दाखवलं. मग आकडेवाली उठली आणि तिने भिंतीवर अठ्ठावन्नची दुपार लावली. टॅब दोन वाजून बारा मिनिटांनी खाली ठेवला. सपाट जागेवर. पुढे कुणाचा हात नाही, हलला नाही. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी उचलला आणि नऊ सेकंदांत उत्तर. रोज तसंच. ठेवला, उचलला, नऊ सेकंद. मूल प्रश्नासमोर बसलेलंच नव्हतं.

शेपूटवाल्याने टेबलाकडे बघितलं.

ती तेवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण पोरगी हुशार, काम मन लावून करते. म्हणाली, मूल का उठून जातं हे बघावं म्हणून त्या घराच्या इंटरनेटवरून आपल्या सर्व्हरला आणखी काय जोडलेलं असतं ते तपासलं. तर गंमत म्हणजे आणखी एक यंत्र आहे आणि तेही नेमकं त्याच वेळी थंड पडतं. आधी ते थांबतं. पाच-सात मिनिटांनी टॅब ठेवला जातो. ते यंत्र पुन्हा चालू झालं की मग टॅब उचलला जातो. दोन रेषा, एकीखाली एक. शुक्रवारची सगळ्यात लांब. आणि ते दुसरं यंत्र, ती म्हणाली, आपल्याच ऑफिसचा लॅपटॉप दिसतो, कुणाचा ते अजून...

आणि तिने पुढचं नाव वाचलं. आणि बसली.

शेपूटवाला हसला नाही. हसला असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

मॅडम म्हणाल्या, विचारवेळ तूर्त बाजूला ठेवू. ठराव झाला की पाच मिनिटं हात लागला नाही तर बेडूक झोपेल आणि गेम बंद होईल. मला म्हणाल्या, तुम्ही चार दिवस घरी आराम करा. मी म्हणालो, घरी आराम नको. मग त्या म्हणाल्या, बरं.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात.

भिंगरी दीडला आली तेव्हा तिला लगेच काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर विचारलं. रागावलो नाही. म्हटलं, तू खेळ सोडून गॅलरीत का येतेस?

ती म्हणाली, "आईने सांगितलंय. आजोबा नुसते बसले की त्यांना एकटं बसू द्यायचं नाही."

मी म्हणालो, मी नुसता बसत नाही. मी विचार करत असतो.

"माहितीये. मी पण करते."

"कसला?"

"तुम्ही कधी उठाल त्याचा."

मग म्हणाली की ती आधी पाणी विचारून बघते, मग गाडी दाखवून बघते, कधीकधी लॅपटॉपचं बटण दाबते. कशानेच नाही उठलो तर बसते. मी आपण होऊन उठलो की जाते. हे सगळं तिने असं सांगितलं जसं कुणी आपल्या ड्यूटीचे तास सांगावेत. तक्रार नव्हती.

मी म्हणालो, मग मी झापलं तेव्हा बोलली का नाहीस. तर म्हणाली, आईने सांगितलंय आजोबांना सांगायचं नाही.

जुलैपासून मी भिंगरीला सांभाळतो, असं वर लिहिलं आहे. खोडत नाही. नोंद ही नोंद असते.

सहाला लेक आली. तिला सगळं सांगितलं. ती सोफ्याच्या कडेवर बसली. म्हणाली, बाबा, मी आपलं सहज म्हटलं होतं हो तिला, पहिल्या दिवशी. लक्ष ठेव म्हणाले. तिने एवढं मनावर घेतलं असेल असं वाटलं नाही. मग डोळ्याला पदर लावावा तशी ओढणी लावली आणि म्हणाली, "तुम्हीच या ना आमच्याकडे राहायला."

त्यांच्याकडे जावई आहेत आणि क्रिकेट आहे. नको म्हणालो.

मीच म्हणालो, सोमवारपासून भिंगरीला पाळणाघरात घाल. आठ वर्षांच्या मुलीचं हे काम नाही. निर्णय पूर्णपणे माझा. लेकीने पर्समधून फॉर्म काढून दाखवला, बुधवारीच भरून ठेवलेला होता. फक्त सही राहिली होती. पेन मी दिलं.

जाताना भिंगरीने विचारलं, मग दुपारी तुमच्याजवळ कोण बसणार. लेक म्हणाली, चल आता, उशीर होतोय. मी म्हणालो, मला भरपूर कामं असतात.

२३ सप्टेंबर, सोमवार

आठला ऑफिस. आकडेवाली दोनदा टेबलाशी येऊन गेली. दोन्ही वेळा मी रिपोर्टची पानं लावत होतो. शेपूटवाल्याने झोपलेल्या बेडकाची तीन चित्रं दाखवली, कुठलं घ्यावं म्हणून. तिन्ही सुमार. मधलं घ्या म्हणालो.

एकला परत. दीडला जेवलो.

निश्चय : दुपारी झोपायचं नाही, बसायचं नाही. कपाट पूर्ण करायचं, गॅलरी धुवायची, जुने पेपर काढायचे.

बसलो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी कालच्या नोंदी बघितल्या. अठ्ठावन्न नंबर : एका दुपारात चार पाठ पूर्ण. सतरा प्रश्न, सोळा बरोबर. सरासरी वेळ नऊ सेकंद. टॅब एकदाही खाली ठेवलेला नाही.

सतरावा चुकला तो मुद्दाम. मला कळतं. शेवटचाच प्रश्न होता, बेडूक बघायचा असणार.

शाळांना जाणाऱ्या रिपोर्टमध्ये शेरा लिहावा लागतो. लिहिला : 'समाधानकारक.' मग खोडून 'उत्तम' केलं.

एकला परत. जेवलो. भांडं घासून ठेवलं. लॅपटॉप उघडला नाही, म्हणजे त्याला काळं पडायचं कारण नाही. गॅलरीत जाऊन बसलो. समोरच्या रस्त्याने गाड्या गेल्या. पाणी हवं होतं, ते आणायला सव्वातीनला उठलो.

मग नखं कापली. डाव्या हाताची नीट झाली. उजव्या हाताची वाकडी कापली गेली, पण झाली.